टकल्या डोंगरावरचा साक्षीदार

काइमितो वाडी, पोर्तो रिको
१२ फेब्रुवारी १९८९

कोंपाय सिंदो,

नाताळात पाठवलेला फोटो मिळाला. कोमाय कार्मीन अजून तशीच देखणी दिसते. ज्याच्या बाप्तिस्म्याने आपण कोंपाय झालो तो माझा धर्मपुत्र एडविन पोलिसाच्या गणवेशात दरवाजाएवढा झालाय. आणि मधे तू, सोललेल्या केळ्यासारखा! इतकी वर्षं झाली, ओठावर एक केस दिसू नये? आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना तुझ्यापेक्षा जास्त मिशा आहेत, आणि म्हाताऱ्या म्हणजे बायकाच म्हणतोय मी. चेष्टा करतोय रे. रागावू नकोस, कारण पुढे तुझ्याकडे काहीतरी मागायचं आहे आणि मला ते लिहायचा धीर होत नाहीये.

आपल्या गावाच्या चौकात कोरियात लढलेल्यांच्या नावांचा दगड बसवणार आहेत. संगमरवरी. माजी सैनिक संघाचा चिटणीस आहे विल्फ्रेदो, वयाने आपल्या पोरांएवढा. त्याने सगळ्यांकडून लष्करातून सुटल्याचे कागद मागितले. मी दिला. माझ्या कागदावर लढाई नाही, जखम नाही, पदक नाही. नुसतं आलो आणि गेलो. दुसऱ्या दिवशी डॉमिनोच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, विल्फ्रेदो म्हणाला, "डॉन युसेबियो, कोरियात होता तुम्ही, मान्य. पण कागदावरून तर भांडी घासत होता असं दिसतं." सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो, भात वाढून घेतला आणि तसाच कोंबड्यांना टाकला.

सिंदो, मी वॉशिंग्टनच्या नोंद-दुरुस्ती मंडळाला अर्ज केला. माझी नोंद दुरुस्त करा आणि जखमी सैनिकाला देतात ते पदक मला द्या म्हणून. आपले कागद ठेवले होते ती इमारत मागे जळाली, तुला माहीत आहे. त्यामुळे ते म्हणतात, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आणा. आता कुठून आणू? चागो गेला, तोन्यो गेला, सार्जंट तर तिथेच राहिला. कोरियातल्या त्या टकल्या डोंगरावरून मला पाठीवर घालून खाली आणणारा माणूस तेवढा अजून जिवंत आहे.

मी काय मागतोय ते मला कळतंय. म्हणून तर पत्र लिहिलं. फोन केला असता, पण तुमच्या घरी फोन एडविनच उचलतो.

तुझा,
युसेबियो


लोरेन, ओहायो
३ मार्च १९८९

कोंपाय,

तुझं पत्र मी तळघरात बसून वाचलं आणि भट्टीत टाकलं. कार्मीनने विचारलं, काय म्हणतोय युसेबियो? मी म्हटलं, कॉफीला कीड लागली म्हणतोय.

तुला कळतंय म्हणतोस, पण नाही कळत. साक्षीदाराला स्वतःचा लष्करी क्रमांक द्यावा लागतो. तो दिला की ते माझा कागद काढणार. माझ्या कागदावर काय लिहिलंय ते आपल्या दोघांनाच माहीत आहे, आणि तुलाही कळलं ते एडविनच्या बाप्तिस्म्याला मी रम पिऊन रडलो म्हणून. वर जाण्याचा हुकूम मोडला. खटला. तुरुंग. पुढे माफी दिली, गुपचूप बोटीत बसवून घरी पाठवलं, पण लिहिलेलं लिहिलेलंच राहिलं.

एडविनला वाटतं, तो हिवाळा मी न्यूमोनियाने जपानच्या इस्पितळात काढला. पोलिसात लागला त्या दिवशी त्याने बिल्ला माझ्या हातात दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, माझा बाप सैनिक आहे, हा बिल्ला तोच लावेल. माझे हात इतके थरथरले की पिन त्याच्या छातीत रुतली. लोकांना वाटलं, म्हातारा आनंदाने थरथरतोय.

मला जमणार नाही. आणि खरं सांगायचं तर अंधार होता. कुणाला खाली आणलं ते तोंड बघून मी शपथेवर सांगू शकणार नाही. मंडळाला तसंच कळव.

सिंदो


काइमितो वाडी
२० मार्च १९८९

सिंदो,

अंधार होता.

बरं. अंधार होता तर होता. तुझ्या पत्रानंतर दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. बोलायला घरात कोण आहे म्हणा. बायको गेल्यापासून कोंबड्याच.

मंडळाचं उत्तर आलंय ते सांगतो. आपल्याकडे माणसाला दोन आडनावं, आधी बापाचं, मग आईचं. युसेबियो सिंत्रोन मालदोनादो. लष्कराच्या कारकुनाने शेवटचं तेच खरं धरलं आणि माझ्या बापाला पुसून मला मालदोनादो करून टाकलं. तेव्हा आपण हसलो होतो. तुला रोसादोऐवजी आयाला म्हणायचे आणि तू मागे वळूनच बघायचा नाहीस, आठवतं? आता मंडळ म्हणतं, त्या आठवड्यात त्या कंपनीत मालदोनादो नावाचा एकच जखमी नोंदलेला आहे आणि तो पुढे वारला. तो एफ्राइन. पोन्से गावचा, गाणारा. आम्ही दोन मालदोनादो होतो, त्यांनी एक लिहिला. म्हणजे कागदावर ज्याला गोळी लागली तो मालदोनादो मेला आहे. मी मेलो असतो तर माझी जखम खरी ठरली असती.

पदकाचं सोड. मला दुसरीच भीती वाटायला लागली आहे. सकाळी कॉफी निवडताना मनात येतं, खरंच होतो का मी तिथे? विल्फ्रेदो म्हणतो नव्हतास. वॉशिंग्टन म्हणतं नव्हतास. आता तूही म्हणतोस, तोंड दिसलं नाही. मग मी खोलीत जातो, दार लावतो, पँट खाली करून आरशात मांडी बघतो. व्रण असतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण व्रण काय, कुऱ्हाडीनेही होतो.

मी तुझ्यावर रागावलो नाही असं लिहिणार होतो. रागावलोय.

युसेबियो


लोरेन
९ एप्रिल १९८९

युसेबियो,

रागाव. माझ्यापेक्षा जास्त रागावता येणार नाही तुला.

तू शपथेवर खरं सांग म्हणतोस. मी एकदा शपथेवर खरं सांगितलं आहे! ऐक, आयुष्यात पुन्हा हे लिहिणार नाही. तंबूत टेबल होतं, पलीकडे पाच अधिकारी. आम्हाला एकेकाला आत नेत होते. दुभाषा होता तो मेक्सिकोचा, त्याला आपली बोली अर्धीच कळायची. मधल्याने विचारलं, हुकूम झाला तेव्हा तू खाली का बसलास? मी म्हणालो, साहेब, आदल्या रात्री मी युसेबियो सिंत्रोन मालदोनादोला, काइमितो वाडीच्या दोन्या मोन्सेरातेच्या मुलाला, मांडी फुटलेली असताना पाठीवर घेऊन त्या डोंगरावरून खाली आलो. वर काय आहे ते मी पाहिलंय. माझे पाय उचलत नाहीत. मी घाबरलोय.

आपण असंच सांगतो ना? कुणाचा, कुठल्या वाडीचा हे सांगितल्याशिवाय माणूस कळतो का आपल्याकडे? ते हसले. मधला म्हणाला, अख्ख्या गावाची ओळख करून देणार आहे का हा? कोपऱ्यात एक पोरगा टंकयंत्रावर खटखट बडवत होता, तोही हसला. त्यानंतर शिक्षा. सकाळच्या नाश्त्याला वेळ लागतो त्याहून कमी वेळ लागला. खरं सांगून हे झालं. आता परत सांगून काय होणार आहे?

आणि दर नाताळाला मिशीवरून चेष्टा करतोस, तर तेही ऐक. नव्या कर्नलचा हुकूम आठवतो? पलटणीने मिशा उतरवायच्या, मर्द असल्याचं सिद्ध करेपर्यंत. आपण रांगेत उभं राहून उतरवल्या. चागो रडला होता. तू इस्पितळात गेलास, तिथे तुझी वाढली. दुसऱ्यांनी पुढे लढून वाढवल्या. माझ्यासाठी तो हुकूम कुणी मागे घेतला नाही. मी रोज सकाळी दाढी करतो तेव्हा तो पाळतो. कार्मीनला वाटतं, पोलादाच्या कारखान्यात मुखवटा घालावा लागायचा, ती सवय राहिली.

आता मला पत्र लिहू नकोस. एडविन खालच्या मजल्यावर राहतो. पोस्टाची पेटी तोच उघडतो.

सिंदो


काइमितो वाडी
२५ एप्रिल १९८९

कोंपाय,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहितोय. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव तुझ्या बहिणीचं घातलंय.

अंधार होता म्हणालास. तोंड दिसलं नाही म्हणालास. आणि त्या पाच जणांसमोर माझं पूर्ण नाव घेतलंस, वाडीचं घेतलंस, वर माझ्या आईचं घेतलंस! मी ते वाचलं आणि पायरीवर बसून राहिलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या तंबूत तू एकटा होतास. मला तू बरोबर घेऊन गेला होतास.

पण सिंदो, तो टंकयंत्रावरचा पोरगा. तुला लक्षात आलं का? त्याने लिहिलं. तू बोललास ते त्याने लिहिलं, हसत का होईना. लष्कराने मला नेहमी मालदोनादो लिहिलं, फक्त त्या एका कागदावर मी माझ्या बापाच्या नावासकट आहे, जखमी आहे आणि जिवंत आहे.

मी सान हुआनला गेलो होतो. तिथे माजी सैनिकांना फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाई आहेत. तुझं नाव घेतलं नाही, आईची शपथ. समजा असं असेल तर, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, खटल्यांचे कागद वेगळ्या ठिकाणी असतात, ते जळालेले नाहीत. मी म्हटलं, पण तो माणूस नको म्हणाला तर? त्या म्हणाल्या, त्याच्या परवानगीची गरजच नाही. पलटण आणि वर्ष लिहून दिलं की मंडळच मागवून घेईल.

म्हणजे आता सगळं माझ्या हातात आहे. बाईंनी अर्ज लिहूनही दिला. तो फ्रिजवर मेरीमातेच्या मूर्तीखाली ठेवलाय. येता जाता दिसतो. विल्फ्रेदो काल वाटेत भेटला आणि म्हणाला, काय डॉन युसेबियो, सापडली का लढाई? मी घरी आलो आणि सरळ फ्रिजपाशी गेलो. पाकीट उचललं होतं, सिंदो. तिकीट लावलं होतं. मला माझ्याच हाताची भीती वाटते.

तू हो म्हण किंवा नाही म्हण. नाही म्हणालास तर फाडतो. पण काहीतरी म्हण.

युसेबियो


लोरेन
२ जुलै १९८९

कोंपाय युसेबियो,

मी कार्मीन. सिंदोला न सांगता लिहिते आहे.

तुमच्या दोघांत काय चाललंय ते मला सांगू नका. मी विचारतही नाही. पण मी बघते ते सांगते. मेच्या सुरुवातीला त्याच्या बहिणीच्या नावाने एक पत्र आलं. ती बाई सहीसुद्धा अंगठ्याने करते, ती कधीपासून पत्रं लिहायला लागली? ते वाचल्यापासून हा माणूस पडद्याआड उभा असतो. पोस्टमन कोपऱ्यावर दिसला की चेहरा पांढरा पडतो. तपकिरी पाकीट आलं की आधी हात पुसतो, मग घेतो. परवा विजेचं बिल होतं. ते हातात धरून पायरीवर बसला. एडविन म्हणतो, पापांना डॉक्टरकडे नेऊ. हा त्याच्या अंगावर ओरडला, आणि मग कितीतरी वेळ त्याची माफी मागत राहिला. पोरगा घाबरला. बापाने माफी मागितली की मुलं घाबरतात.

एक गोष्ट तुमच्याजवळ ठेवा. जपानच्या इस्पितळातून जो जो परत आला त्याने आपल्या मैत्रिणीसाठी रेशमी रुमाल आणला होता. तुमच्या बायकोकडे होता, वाघाचं चित्र असलेला. चागोच्या बायकोकडे होता. सिंदोने माझ्यासाठी काही आणलं नाही. मी तेव्हा वीस वर्षांची होते, पण वेडी नव्हते. कुठे होता ते विचारलं नाही. ज्याला झोपेत दार उघडल्याच्या आवाजानेही घाम फुटतो त्याला काय विचारायचं? तो मला बरा वाटला, मी लग्न केलं. आता त्याला सांगायला जाऊ नका की मला कळलंय. त्याने इतकी वर्षं जपलंय, मोडायला नको.

तुमच्या हातात त्याचं जे काही आहे ते वापरायचं तर वापरा, नाहीतर फाडा. पण त्याला असं टांगून ठेवू नका. मला त्याची काळजी वाटते. खरं सांगते, कोंपाय, मला भीती वाटते.

तुमची,
कार्मीन


काइमितो वाडी
१५ जुलै १९८९

कोमाय कार्मीन,

फाडलं. चुलीत घातलं आणि त्यावर कॉफी केली. कॉफी कडू झाली, पण प्यायलो.

त्याला सांग, युसेबियोचा निरोप आहे, कागद राहिला नाही. काय कागद ते विचारू नकोस, तोही सांगणार नाही. सांग की आता पडद्याआड उभं राहायचं कारण नाही.

दगडावर माझं नाव नसेल. विल्फ्रेदोने यादी पाथरवटाकडे दिली. मी चौकात जातच नाही आजकाल, डॉमिनो घरीच खेळतो, डावा हात विरुद्ध उजवा. डावा लबाड आहे.

रुमालाचं मला माहीत होतं, का आणला नाही ते मात्र तेव्हा कळलं नव्हतं. मीच तेव्हा सिंदोला म्हणालो होतो, माझा घे आणि तिला दे. नको म्हणाला. म्हणाला, तिला खोटं देणार नाही. तुला हे माहीत असावं असं वाटलं.

तुझा,
युसेबियो


काइमितो वाडी
२६ एप्रिल १९९०

सिंदो,

हे तू काय केलंस?

काल वॉशिंग्टनचं पाकीट आलं. मी ते टेबलावर ठेवलं आणि दिवसभर त्याच्याभोवती फिरलो. वाटलं, खोटा अर्ज केला म्हणून बोलावताहेत. सप्टेंबरच्या वादळात छप्पर उडालं तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो. शेवटी उघडलं तर सगळं इंग्रजी. मला त्यातलं माझं नाव तेवढं वाचता आलं. तिन्ही शब्द. सिंत्रोनसकट.

गावात इतकं इंग्रजी येणारा एकच, विल्फ्रेदो. त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं. म्हटलं, वाच, आणि जे वाचशील ते या खोलीत राहील. तो वाचत गेला. म्हणाला, नोंद दुरुस्त केली आहे. म्हणाला, पदक मंजूर आहे. आणि मग थांबला. पुढचं हळू वाचलं. 'साक्षीदार गुमरसिंदो रोसादो आयाला यांनी स्वतः आपल्या खटल्याच्या कागदपत्रांकडे लक्ष वेधले. सदर साक्षीदारास हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झाली होती. त्या वेळी शपथेवर दिलेल्या त्यांच्या जबानीत अर्जदाराच्या जखमेचा पूर्ण नावानिशी उल्लेख आहे.'

मी फाडलं होतं, सिंदो. चुलीत घातलं होतं. मी पाठवलं नाही. माझ्यावर विश्वास ठेव, मेरीमातेची शपथ.

विल्फ्रेदोने डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, डॉन युसेबियो, मी गाढव आहे. मी म्हटलं, ते सोड. वादळामुळे दगड रखडला होता, अजून जागा आहे, तुमचं नाव घालतो म्हणाला. मेच्या अखेरीस मृत सैनिकांच्या दिवशी दगड उघडायचा आहे. आणि आता त्याच्या डोक्यात आलंय की हे पत्र चौकात मोठ्याने वाचायचं, महापौरांच्या हातून पदक द्यायचं. मी म्हटलं, पदक पोस्टाने येऊ दे, मी बिस्किटांच्या डब्यात ठेवीन. ते पत्र तू वाचलंस तर मी चौकातल्या झाडाखालून उठून घरी जाईन. त्यात तुझं नाव आहे, सिंदो. तुझी वाडी तिथे बसलेली असेल. तुझी बहीण, तिच्या सुना, सगळे.

एडविनला कळलं का? काही बरंवाईट झालं का? या नाताळाला फोटोही नाही पाठवलास. मी रोज पोस्टमनची वाट बघतो. आता पडद्याआड मी उभा आहे. तू आहेस ना?

युसेबियो


लोरेन
६ मे १९९०

कोंपाय,

आहे.

कार्मीनने तुझा निरोप सांगितला तेव्हा मी तळघरात खिळे निवडत होतो. कागद राहिला नाही, एवढंच म्हणाली आणि वर गेली. मला हलकं वाटायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला आणि मी परत पडद्याआड. मग कळलं, भीती तुझ्या कागदाची नव्हतीच. तू फाडलास आणि ती जिथल्या तिथे होती. उलट आता तुझ्या मांडीचं ओझं पण माझ्या अंगावर. तू आरशासमोर उभा आहेस असं दिसायचं मला.

साक्षीचा अर्ज मीच करायचं ठरवलं. पण अर्ज इंग्रजीत. कारखान्यात मला जेवढं इंग्रजी लागलं तेवढं शिव्यांपुरतं. कार्मीनला येत नाही. पाद्र्याकडे जायचं म्हटलं तर तो एडविनबरोबर बेसबॉल खेळतो. आठवडाभर फिरलो तो कागद घेऊन. शेवटी ऑगस्टमधल्या एका रविवारी जेवण झाल्यावर एडविनसमोर ठेवला. म्हटलं, हे भरून दे. तो हसत म्हणाला, काय पापा, पेन्शन वाढवून घेताय? आणि वाचायला लागला. मला वाटलं आता मी टेबलावरच मरणार. लघवीला जाऊन आलो. परत आलो तरी तो वाचतच होता.

मग त्याने खिशातून पेन काढलं. पोलिसात जबानी घेतात तशी घेतली, कोंपाय. त्याला दुसरी रीत माहीत नाही. पूर्ण नाव? कुठे होतात? बरोबर कोण होतं? त्याच्याकडे बघवत नव्हतं, मी मिठाच्या भांड्याकडे बघून सांगत होतो. तुला पाठीवर घेतलं ते. तुझं रक्त माझ्या कॉलरमध्ये गेलं आणि गोठलं ते. सकाळी परत वर जायचा हुकूम झाला ते. मी बसलो ते. कार्मीन भांडी घासत होती, ती मधेच थांबली, नळ चालू राहिला.

हुकूम मोडण्याचं कारण, असा एक रकाना होता. एडविन म्हणाला, इथे काय लिहू? मी म्हटलं, घाबरलो होतो असं लिही. त्याने लिहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि अर्जात नसलेला एक प्रश्न विचारला. म्हणाला, "पापा, थंडी फार होती का?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. त्या पाच जणांनी तर नाहीच. मी मान हलवली. त्याने उठून खुंटीवरचा आपला कोट काढला आणि माझ्या खांद्यावर टाकला. ऑगस्ट होता, युसेबियो, बाहेर पोरं नळाखाली नाचत होती. मी तो घालून बसलो.

तुला सांगितलं नाही, कारण मंडळाने माझं ऐकलं नसतं तर तुला दुसऱ्यांदा मारल्यासारखं झालं असतं. आणि भीती गेली असंही समजू नकोस. आता एडविनच्या ठाण्यावर कुणाला कळेल याची भीती वाटते. तुझ्या चौकाची तर फारच. काल रात्री कार्मीनने पेटी भरायला घेतली आणि मी तळघरात जाऊन बसलो.

पण विल्फ्रेदोला सांग, पत्र वाचायचं. पूर्ण वाचायचं, माझ्या नावासकट, शिक्षेसकट, आणि माझ्या आईचं नाव त्यात नसेल तर घालायचं. दोन्या एउलालियाचा मुलगा, काइमितो वाडीचा. नाहीतर लोकांना कसं कळणार, कोणता रोसादो ते?

तिकिटं काढली आहेत. आम्ही तिघं येतोय. दगडासमोर खुर्च्या मांडाल तेव्हा माझी अगदी कडेला ठेव, एडविनच्या शेजारी, मधेच उठून जावंसं वाटलं तर त्याला सांगता येईल असं. आणि फोटो का नाही पाठवला विचारतोस, तर नाताळात तो पाठवण्याजोगा नव्हता. त्या रविवारनंतर मी ओठावर वस्तरा लावलेला नाही. पूर्ण पांढरी आली आहे. कार्मीन म्हणते, दूध पिऊन तोंड पुसायचं राहिल्यासारखं दिसतं.

दिसू दे. मी आता पुसणार नाही.

तुझा,
सिंदो